गाडी टायर खाते तेव्हा

संपादकांनी मला पवनीला धाडलं ते जगन्नाथ टेकडीसाठी. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं 1969-70 साली तिथे उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. टेकडी पाहून झाली. परतताना रस्त्याकडेच्या एका गॅरेजपाशी थांबलो आणि अख्खी दुपार तिथेच गेली.

रेतीच्या रिकाम्या टिप्परची पुढची चाकं जॅकवर होती. मिस्त्री टायरवर आडवा तळहात फिरवत होते. बाहेरून आत जाताना हात गुळगुळीत सरके, आतून बाहेर येताना बोचे. ‘टो-इन जास्त आहे जी. गाडी टायर खाऊन राहिली.’ म्हणजे चाकं पुढच्या बाजूनं जरुरीपेक्षा जास्त आत वळलेली.

त्यांनी फिरत्या चाकावर मधोमध खडू धरून पांढरा पट्टा ओढला आणि त्यावर खिळा टेकवून केसाएवढी रेघ काढली. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ डुलत नाही. दोन्ही चाकांवर रेघा झाल्यावर गाडी खाली उतरवली, ड्रायव्हरनं ती हळूच थोडी पुढे घेतली. मग निघाला एक लांब पाईप, त्याला दोन टोकदार गज, त्यातला एक सरकता. हबच्या उंचीवर, रेघेपासून रेघेपर्यंत, आधी मागून माप, मग पुढून. पुढचं माप जितकं कमी, तितका टो-इन. सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा, आणि तो या साध्या पाईपवर अचूक सापडतो, हे पाहून मी थक्क झालो.

मोठ्या टायरला हा आकडा फसवतो. अंशाचा दहावा भाग एवढाच टो कारच्या 60 सेंटिमीटर उंच टायरवर जेमतेम 1 मिलिमीटर दिसतो, ट्रकच्या 105 सेंटिमीटरच्या टायरवर जवळजवळ 2. म्हणून आकडा रिमच्या कडेवरचा की टायरवरचा, हे मिस्त्री आधी विचारतात. ट्रकचा टो 6 मिलिमीटरनं चुकला तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला 3 येतात, आणि दर किलोमीटरला रबर सुमारे 3 मीटर आडवं घासलं जातं.

दुरुस्ती ऐकायला सोपी: दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे क्लॅम्प सैल करा, पाईप पान्यानं रॉड फिरवा. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असल्यानं तो लांबतो किंवा आखडतो. पण क्लॅम्प गंजून धरले होते. ते सुटेपर्यंत तास गेला. मग मिस्त्रींनी पुन्हा जॅक लावला, चाकाखाली पहार घालून उचकलं, आणि चाक माथ्याशी आत-बाहेर डुललं. चाक ज्या खिळीवर वळतं, त्या किंगपिनचे बुश गेले होते. जेवढा टो लावायचा, जवळपास तेवढाच तिथे प्ले! मालक फोनवर म्हणत होता, नुसतं अलाइनमेंट करून द्या, उद्या खेप आहे. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. अशा गाडीवर लावलेला टो रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही, आणि पैसे घेऊन ते काम करायला ते तयार नव्हते. मला त्यांचंच पटलं.

टिप्परमालकांना एवढंच सांगणं आहे: नवा टायर चढवण्याआधी चाक जॅकवर उचलून खाली पहार घालून बघा. डुललं, तर आधी किंगपिनचे बुश तपासा, गेले असतील तर बदला, टो त्यानंतर.