ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील इनहेरिटन्स

इनहेरिटन्स म्हणजेच वारसा ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत संकल्पना आहे. आधी लिहिलेल्या क्लासमधील माहितीची रचना व मेथड नव्या क्लासला आपोआप मिळणे, यास इनहेरिटन्स म्हणतात. ज्याच्याकडून वारसा मिळतो तो मूळ क्लास, तर ज्याला मिळतो तो उपक्लास होय. या प्रोग्रॅमिंग शैलीच्या गुणदोषांविषयीच्या चर्चेत ही संकल्पना विशेष वादग्रस्त ठरली आहे.

इतिहास

क्लास व उपक्लास या कल्पना सिम्युला ६७ या भाषेत प्रथम आल्या. ही भाषा ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगॉर्ड यांनी ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये विकसित केली. त्यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे स्मॉलटॉक, सी++ आणि १९९५ मध्ये आलेली जावा या भाषांमुळे इनहेरिटन्सचा प्रसार झाला.

फायदे

बँकेच्या आज्ञावलीत 'खाते' हा मूळ क्लास असल्यास शिल्लक व पैसे जमा करण्याची मेथड एकदाच लिहावी लागते. बचत खाते व चालू खाते हे उपक्लास त्यात आपापले नियम जोडतात. यामुळे पुनरावृत्ती टळते. शिवाय 'खाते' गृहीत धरून लिहिलेला कोड दोन्ही प्रकारच्या खात्यांसाठी चालतो.

मर्यादा

उपक्लास मूळ क्लासच्या अंतर्गत रचनेशी बांधला जातो. त्यामुळे मूळ क्लासमधील लहानसा बदलही उपक्लासमध्ये बिघाड करू शकतो. तसेच नको असलेल्या मेथडही वारशाने येतात. स्टॅक ही ताटांच्या चळतीसारखी रचना असून तिच्यात शेवटी ठेवलेली वस्तू प्रथम काढली जाते. जावामधील स्टॅक हा क्लास मात्र व्हेक्टरचा उपक्लास असल्याने त्यात मध्येच वस्तू घालता येते व हा नियम मोडतो.

आयत व चौरस हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण आहे. गणितात चौरस हा आयतच असतो. परंतु आयताच्या क्लासमध्ये लांबी व रुंदी स्वतंत्रपणे बदलता येत असतील, तर चौरस हा त्याचा योग्य उपक्लास ठरत नाही. कारण चौरसाची लांबी बदलताच रुंदीही बदलावी लागते. मूळ क्लासच्या जागी उपक्लासचे ऑब्जेक्ट वापरले तरी आज्ञावली बरोबर चालली पाहिजे, ही अपेक्षा येथे भंग पावते. हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नावाने ओळखले जाते.

पर्याय

एका ऑब्जेक्टने दुसरे ऑब्जेक्ट आपल्या आत ठेवून त्याच्याकडून काम करून घेणे, यास कंपोझिशन म्हणतात. गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस यांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथाने इनहेरिटन्सपेक्षा कंपोझिशनला प्राधान्य देण्याचा सल्ला दिला. गो व रस्ट या भाषांत क्लासवर आधारित इनहेरिटन्स नाही.

तरीही इनहेरिटन्स सर्वत्र त्याज्य ठरत नाही. मूळ क्लास स्थिर असेल आणि उपक्लास त्याची सर्व वचने पाळत असेल, तेथे ते उपयुक्त ठरते. केवळ कोड पुन्हा लिहावा लागू नये म्हणून वारसा घेणे मात्र पुढे अडचणीचे ठरू शकते.