धंदा वाढेल ही अपेक्षा कशावर बेतावी?

दारव्हा तालुका हा कापसाचा मुलूख होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग येथून गेला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी. माल हलेल तर जीन चालेल, ही व्यापाऱ्याची त्या वेळची अपेक्षा साधार होती. ती गाडी आता बंद आहे. तथापि वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा 2024 साली सुरू झाला, आणि त्यावर पुन्हा नव्या आशा बांधल्या जात आहेत.

नवा कारखानदार आपल्या वाढीचा अंदाज बहुधा गेल्या हंगामावरून व शेजाऱ्याच्या यशावरून बांधतो. ज्याचे बुडाले तो शेजारी आपली हकीकत सांगत बसत नाही, हे येथे विसरले जाते.

2022 च्या वसंतात कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला. त्यावरून पुढील हंगामात अनेक शेतकऱ्यांनी त्याच भावाच्या आशेने माल घरात ठेवला. भाव मात्र उतरला. जीनवाल्यास याचा दुहेरी फटका बसतो. 10 क्विंटल कापसातून सुमारे साडेतीन क्विंटल रुई व बाकी बहुतांश सरकी निघते. त्याची कमाई चढ्या भावात नसून रेचे किती दिवस फिरतात यात आहे. भाव दुप्पट झाला तर तेवढाच माल घेण्यास भांडवलही दुप्पट लागते, व व्याज वाढते. महाग कापसाच्या वर्षी जीन रिकामे राहू शकते, ही गोष्ट बाहेरच्या माणसास खरी वाटत नाही.

दुसरी बाब सरकारी धोरणाची. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा खासगी खरेदी थांबली व जीनवाल्याची वाढ सरकी काढण्याच्या ठरावीक मजुरीवर अवलंबून राहिली. 2025 साली ऑगस्टपासून डिसेंबरअखेर केंद्राने कापसावरील आयात शुल्क माफ केले. असे निर्णय कारखानदाराच्या हाती नसतात. म्हणून त्यांचा अदमास कर्जाच्या हिशेबात धरावयास हवा.

जीन, डाळ मिल वा तेलघाणी काढण्याचा विचार करणाऱ्या शेतकरी बंधूंस ग्रामसेवकांनी प्रथम बाजार समितीतील मागील पाच हंगामांची आवक पाहण्यास सांगावे. त्यांतील सर्वांत कमी आवकेच्या वर्षी कर्जाचा हप्ता फिटतो काय, याचा आकडा कागदावर मांडून घ्यावा. तो जुळत नसल्यास यंत्र लहान घ्यावे, अथवा पहिली दोन वर्षे दुसऱ्याच्या गिरणीत मजुरीने माल काढून गिऱ्हाईक जोडावे.