गोष्टीतल्या मैदानातून ऑलिंपिककडे

२२ मार्च १८९६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे टॉमस ह्यूज नावाचे न्यायाधीश वारले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ६ एप्रिलला, अथेन्समध्ये पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. या दोन बातम्यांमध्ये एक धागा आहे, आणि तो मुलांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीतून जातो. मला तर खेळांच्या इतिहासात याहून नवलाची गोष्ट दुसरी आढळलेली नाही.

ह्यूज यांचा मुलगा मॉरिस आठ वर्षांचा झाला. त्याला शाळेबद्दल काही सांगावं म्हणून वडील लिहायला बसले. स्वतः ते हाडाचे खेळाडू. ऑक्सफर्डकडून क्रिकेट खेळलेले, लंडनच्या कामगारांना मुष्टियुद्ध शिकवणारे. ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ १८५७ मध्ये निघालं तेव्हा त्यावर लेखकाचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं ‘शाळेचा एक माजी विद्यार्थी’. वर्षाच्या आत पाच आवृत्त्या खपल्या. ज्याच्यासाठी हे लिहिलं तो मॉरिस मात्र दोनच वर्षांनी बुडून गेला.

गोष्ट रग्बी गावच्या शाळेची. टॉम शाळेत पोचतो आणि पहिल्याच दिवशी मैदानावर फुटबॉलची झुंज सुरू असते. हा आजचा फुटबॉल नव्हे. एका बाजूला एकाच वसतिगृहाची पन्नास-साठ पोरं, समोर उरलेली सगळी शाळा. एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारणं नियमात बसायचं, आणि वसतिगृहाची मुलं मुद्दाम पांढऱ्या विजारी घालून यायची. लाथांची आम्हाला पर्वा नाही, हे समोरच्यांना दिसावं म्हणून! शेवटी नवखा टॉम चेंडूवर झेप घेतो आणि पोरांच्या ढिगाखाली चिरडता चिरडता वाचतो. खेळाचं असं वर्णन तोवरच्या मुलांच्या पुस्तकांत क्वचितच कुणी वाचलं असेल. वाचताना आजही आपल्याच बरगड्या दुखल्यासारखं वाटतं.

चेंडू हातात घेऊन पळणं हे आज, याच शाळेचं नाव लागलेल्या, रग्बी खेळाचं मुख्य लक्षण. पण ह्यूज शाळेत दाखल झाले त्या १८३४ च्या सुमारास ती गोष्ट अगदी बेकायदा नसली तरी जिवावर बेतणारी होती, अशी आठवण त्यांनी स्वतःच म्हातारपणी एका चौकशीत सांगितली. पुढे १८४५ मध्ये खेळाचे नियम लेखी उतरले, तेही शिक्षकांनी नव्हे, शाळेतल्या मुलांनी उतरवले.

आता या गोष्टीतला खरा चमत्कार. शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड हे इतिहासातलं खरं पात्र. १८२८ ते १८४२ या काळात त्यांनी ती शाळा बदलून टाकली. त्यांची तळमळ धर्म आणि चारित्र्य यांची. खेळांत त्यांना फारसा रस नव्हता. कादंबरीत टॉम शेवटचा क्रिकेट सामना खेळतो तेव्हाही मुख्याध्यापक सुट्टीवर निघून गेलेले असतात. क्रिकेटमधून शिस्त येते, गडी स्वतःसाठी न खेळता संघासाठी खेळतो, हे बोलणं तिथे एका तरुण शिक्षकाच्या तोंडी येतं. पण वाचकांच्या मनात मैदान आणि मुख्याध्यापक एकमेकांत मिसळून गेले, आणि खेळातून माणूस घडवणारा थोर गुरू म्हणून आर्नल्ड यांची मूर्ती उभी राहिली. ती घडवली होती कादंबरीनं.

फ्रान्समध्ये पिएर द कुबेर्तँ नावाच्या मुलानं ही कादंबरी फ्रेंच भाषांतरात वाचली. देश १८७० च्या युद्धात प्रशियाकडून हरून खचलेला. आपल्या तरुणांना कशानं उभारी येईल, हा प्रश्न त्याला मोठेपणी सतावत राहिला आणि उत्तर शोधायला तो १८८३ मध्ये इंग्लंडला गेला. रग्बी शाळेच्या प्रार्थनामंदिरात आर्नल्ड यांच्या समाधीशिलेपुढे तो भारावून उभा राहिला. इंग्लंडच्या सामर्थ्याचा पाया इथे आहे, अशी त्याची खात्री पटली. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या शिक्षणावर त्यानं पुस्तक लिहिलं, त्यातही आर्नल्ड. १८९२ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या रग्बी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पंच म्हणून उभा राहिला तोही हाच. आणि जून १८९४ मध्ये पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात त्यानंच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्थापन करवली.

अर्थात ऑलिंपिक एका पुस्तकातून जन्मलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ग्रीसमध्ये प्राचीन ऑलिंपियाचं उत्खनन झालं होतं; इंग्लंडच्या मच वेनलॉक गावात विल्यम पेनी ब्रुक्स हे डॉक्टर १८५० पासून स्पर्धा भरवत होते आणि कुबेर्तँ त्यांनाही भेटला. पण खेळ शिक्षणाचा गाभा असू शकतो, हा त्याचा विश्वास टॉम ब्राउनच्या मैदानावरून आला. त्या मैदानाची उणीवही सोबत आली. कादंबरीतल्या शाळेत मुलींना जागा नव्हती, आणि अथेन्समध्ये एकही स्त्री स्पर्धेत नव्हती. हे मला खटकतं. पुस्तकाच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवू नये.

हॅरी पॉटर वाचलेल्या मुलांना ही कादंबरी अनोळखी वाटणार नाही. नव्या शाळेतला पहिला दिवस, जिवलग दोस्त, छळणारा दांडगट पोरगा, वसतिगृहांची चुरस, दुरून सगळं जाणणारे मुख्याध्यापक, आणि ज्याच्याभोवती सारी शाळा जमते तो सामना: या साच्यावर टॉम ब्राउनचा ठसा स्पष्ट आहे. हातात घेणाऱ्यानं पहिला अर्धा भाग सलग वाचावा. उत्तरार्धात उपदेश दाटत जातो, तिथे थोडी पानं उलटली तरी चालेल.

ऑलिंपिकचा हा धागा पुण्यापर्यंत पोचतो. उद्योगपती दोराबजी टाटा तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकले. तिथल्या मैदानांनी त्यांना खेळांची गोडी लावली आणि तेच भारतात रुजवावं असं त्यांच्या मनानं घेतलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या निघाल्या. १९२० मध्ये टाटांच्या पुढाकारानं आणि मदतीनं भारतीय चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला रवाना झाला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथल्या ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले, आणि कुस्तीत शिंदे आडनावाचे मल्ल चौथे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.