न्हाणीघरातला बिनवासाचा वायू

बडोद्यात पाइपचा गॅस 1970च्या दशकापासून घरोघरी यायला लागला. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत आता त्यावर गीझरही चालतो, आणि जागेअभावी अनेकदा चिंचोळ्या न्हाणीघरातच बसवलेला असतो. जानेवारीच्या गारठ्यात कडी लागते, झडपेच्या फटीत जुनं फडकं कोंबलं जातं. कोंडलेल्या खोलीत गॅस जळायला प्राणवायू पुरत नाही, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसगळतीचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200हून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी हाताशी असून काढता येत नाही.

गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. तोवर बादली भरा, गीझर बंद करा, खोलीत वारा खेळू द्या, मगच आत जा. ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली, काजळी धरली तर लगेच दुरुस्ती. कोळशातूनही हाच वायू निघतो, म्हणून बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच नको.

आतलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला उघड्यावर आणा आणि 108ला फोन करा. बोटावरचा ऑक्सिमीटर 98 दाखवत असला तरी विसंबू नका: प्राणवायू चिकटलेलं रक्त कुठलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं कुठलं, हे त्याला ओळखता येत नाही.