कुकडीकाठी एक दिवस

सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? डब्यातल्या पुऱ्या, गाण्यांच्या भेंड्या, एखादा किल्ला, आणि परतताना बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर पेंगणारी मंडळी! हे सारे हवेच. पण आज मी तुम्हांला अशा एका सहलीला नेणार आहे, जिच्यात हे सर्व होते आणि त्याशिवाय एक प्रश्नही होता. तो प्रश्न सकाळी सहा वाजता आमच्याबरोबर बसमध्ये चढला आणि रात्री नऊपर्यंत काही उतरला नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या प्रथम वर्ष विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची ही एका दिवसाची सहल. पुण्याहून निघायचे, नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठायचे, तेथून पूर्वेला वळून खोडदची रेडिओ दुर्बीण पाहायची, मग बोरी, मग निघोज, आणि शिरूरवरून घरी. नकाशा काढून पाहा. ही तिन्ही ठिकाणे एकाच नदीच्या आसपास आहेत. तिचे नाव कुकडी. नाणेघाटाच्या परिसरात कुकडेश्वराजवळ ती उगम पावते, शिवनेरीच्या मुलखातून पूर्वेला जाते आणि पुढे घोड नदीला मिळते.

राजगुरुनगर मागे पडले तेव्हा मी बसमध्ये उभा राहून माहिती सांगू लागलो. "आपण ज्या काळ्या दगडावरून चाललो आहोत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे..." एवढे म्हणतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कशावरून?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मुलगा हसत नव्हता. त्याला खरोखरच हवे होते. तेव्हा मी त्याला म्हटले, "आज दिवसभर हाच प्रश्न विचार. मला उत्तर आले नाही, तर ते वहीत लिहून ठेव." त्याने ते फारच मनावर घेतले!

हवेला वाट देणारा आरसा

नारायणगावच्या पुढे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोची शेते लागतात आणि त्यांच्या मधून अचानक एक प्रचंड पांढरी परात आकाशाकडे तोंड करून उभी दिसते. मग दुसरी, तिसरी. हीच खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे 'जीएमआरटी'. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. प्राध्यापक गोविंद स्वरूप हे तिचे शिल्पकार. १९२९ साली जन्मलेले स्वरूप २०२० साली वारले, पण त्यांची ही दुर्बीण आजही रात्रंदिवस आकाश ऐकते आहे.

एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांसारख्या दूरवर पसरल्या आहेत. या साऱ्या पसाऱ्याचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर भरतो.

जवळ गेल्यावर पहिली गंमत कळते. तबकडी भरीव नाही! ती आहे तारांची जाळी, आणि तिच्यातून पलीकडचे आकाश स्वच्छ दिसते. अन्वस्त आकाराच्या चौकटींमध्ये तारदोर ताणायचे आणि त्यांवर बारीक स्टेनलेस पोलादी तारेची जाळी बसवायची, अशी ही रचना. बाज विणताना सुतळी ताणतात ना, तशीच. जाळीची तार अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच जाड आहे.

प्रश्नकर्ता पुढे आलाच. "आरशाला भोके असली तर चालतात, हे कशावरून?"

तुम्हीच विचार करा. ज्वारीच्या चाळणीतून पीठ पडते, भोपळा पडेल काय? लहरींचेही काहीसे तसेच असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. तिच्यापुढे जाळीचे एक-दोन सेंटिमीटरांचे भोक म्हणजे उघडा दरवाजाच! पण ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या असतात वीस-पंचवीस सेंटिमीटरांपासून कित्येक मीटरांपर्यंत लांब. त्यांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे गुळगुळीत भिंत, आणि त्या तिच्यावरून परावर्तित होऊन मध्यभागी टांगलेल्या ग्राहकाकडे जातात. वारा मात्र जाळीतून आरपार जातो. भरीव पत्र्याची ४५ मीटरची परात वाऱ्यात सांभाळायला केवढा लोखंडी सांगाडा लागला असता! भोके ठेवली म्हणून तबकडी हलकी झाली, आणि हलकी झाली म्हणून ती आपल्याला परवडली. मला विचाराल तर या दुर्बिणीतले सर्वांत हुशार काम ती भोके आहेत.

पण मग एकच का नाही? तीस कशाला? याचे उत्तर आम्ही तेथेच भागाकार करून काढले. दुर्बिणीला किती बारीक तपशील वेगळा दिसेल, हे तरंगलांबीला दुर्बिणीच्या रुंदीने भागले की अंदाजाने कळते. २१ सेंटिमीटरांच्या लहरीसाठी एकट्या ४५ मीटरच्या तबकडीला चंद्रबिंबाच्या निम्म्याहून बारीक काही वेगळे ओळखू येत नाही. पण २५ किलोमीटरांवर पसरलेल्या तबकड्यांचे संदेश प्रकाशीय तंतूंतून एकत्र आणून संगणकाने जुळवले, की त्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या दुर्बिणीइतके बारीक पाहतात. सव्वादोन किलोमीटरांवर कोणी रुपयाचे नाणे धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढे बारीक!

आणि या लहरी किती क्षीण असतात म्हणता? प्रवेशद्वाराशीच आम्हांला सर्वांचे मोबाइल बंद करायला सांगितले होते. काहींची तोंडे लहान झाली. तेव्हा आमच्या मार्गदर्शकांनी सांगितले, की मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तरी या दुर्बिणीला तो आकाशातल्या तेजस्वी रेडिओ-उगमांपैकी एक वाटेल. मग तो खिशात असल्यावर काय होईल? पेट्रोल गाडीच्या ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात. म्हणून अशी दुर्बीण शहराच्या कोलाहलापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला ठेवावी लागते. आपल्याला शांत वाटणारा हा मुलूख तिच्या कानाला मात्र दरवर्षी थोडा अधिक गोंगाटाचा होत चालला आहे, कारण आता शेताशेतात मोबाइल पोचला आहे. शेतकऱ्याला फोन तर हवाच. त्याला नको कसे म्हणणार? हा तिढा सोपा नाही.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी याच तबकड्यांनी मंगळावर उतरणाऱ्या 'स्कियापरेल्ली' या युरोपीय यानाचा बारीक आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून ऐकला होता. उतरण्यापूर्वी थोडा वेळ आधी तो एकाएकी थांबला. यान मंगळावर आदळले होते. तसेच २०२० साली येथील शास्त्रज्ञांनी साडेसात हजारांहून अधिक दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळवून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची मोजदाद केली. हायड्रोजन निघताना २१ सेंटिमीटरांची लहर पाठवतो. ती येथे पोचेपर्यंत विश्वाच्या प्रसरणाने ताणून जवळजवळ दुप्पट झालेली असते. किती ताणली गेली, यावरून ती किती पूर्वी निघाली हे कळते. "म्हणजे लहरीची लांबी हेच घड्याळ!" एक मुलगी म्हणाली. वहीवाल्याने मान डोलावली. येथे त्याचा प्रश्न मिटला.

नदीकाठची पांढरी रेघ

बोरी बुद्रुक खोडदपासून जवळच आहे. शेतांच्या कडेने कुकडीच्या पात्रात उतरलो, तर काठाच्या तपकिरी मातीत मळकट पांढऱ्या रंगाचा एक थर दिसतो. कोणी दाखवला नाही तर तुम्ही चुना किंवा खारी माती समजून पुढे निघून जाल. ती आहे ज्वालामुखीची राख!

येथे मात्र थोडे थांबू या. आपल्या भागात ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझले. ही राख तर नदीच्या कालपरवाच्या गाळात आहे. मग ती आली कोठून? भिंगाखाली तिच्यात काचेचे बारीक, वाकडे तुकडे दिसतात. फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती त्या! या काचेत सिलिकाचे प्रमाण सुमारे पाऊणपट असते, तर आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये ते निम्म्याच्या आसपास. म्हणजे राख घरची नव्हे, परगावची. रासायनिक ठेवण जुळते ती सुमात्रा बेटातल्या टोबा ज्वालामुखीशी, तीन हजार किलोमीटरांहून दूर! टोबाचा सर्वांत अलीकडचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. त्यातून मागे राहिलेल्या खड्ड्यात आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हा थर उजेडात आणला. त्याच्या संगतीने अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या. राखेचे वय कळले की हत्यारांचे वय कळणार, म्हणून या पांढऱ्या रेघेला एवढी किंमत.

"मग वय किती?"

मी बरीच वर्षे वर्गात बिनदिक्कत "७४ हजार" असे सांगत आलो होतो. पण त्या मुलाकडे पाहिले आणि खरे ते सांगावे लागले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिल्यांदा वय आले सुमारे १४ लाख वर्षे. पुढे सुधारलेल्या आर्गॉन पद्धतीने आले सुमारे ६ लाख ७० हजार. आणि काचेची ठेवण पाहून इतर शास्त्रज्ञ म्हणाले, ही तर ७४ हजार वर्षांपूर्वीची टोबाची राख!

एकाच राखेची तीन वये? कसे शक्य आहे? पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सारी आहे. तो अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. खनिजात किती आर्गॉन साठला ते मोजले की वय निघते. पण ही राख आकाशातून पडून जागच्या जागी राहिलेली नाही. पावसाने ती धुतली, नदीने वाहून आणली, आणि वाटेत तिच्यात आपल्या डोंगरांचे जुने कण मिसळले. साडेसहा कोटी वर्षांचा आर्गॉन पोटात घेऊन बसलेले थोडेसे कण जरी नमुन्यात आले, तरी वय भलतेच वाढते. तर काचेची ठेवण अगदी विश्वासाची का? तेही पूर्णपणे नाही. टोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही तो फुटला होता, आणि त्या थोरल्या राखेची ठेवण धाकटीशी भावंडांसारखी मिळतीजुळती आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. ७४ हजार की सात-आठ लाख, यावर कुकडीकाठी कुऱ्हाडी घडवणारा तो माणूस नेमका कोणत्या काळातला होता, हे ठरणार आहे.

एवढ्यात एकाने राखेचा चांगला मूठभर गोळा रुमालात बांधलेला दिसला. घरी दाखवायला! मी रागावलो, हे कबूल करतो. हा वाद सोडवायचा तर या थराचे न ढवळलेले नमुने लागणार. दरवर्षी पन्नास सहली आल्या आणि प्रत्येकीने पन्नास मुठी नेल्या तर उरेल काय? त्याने गोळा परत ठेवला खरा. पण उकरलेली जागा पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, हे त्यालाही दिसत होते. तुम्ही गेलात तर भिंगातून पाहा, छायाचित्र घ्या, आणि शेत ज्याचे असेल त्याला आधी विचारा.

दगडाचे जाते

निघोजला पोचायला चार वाजले. पारनेर तालुक्यातले हे गाव. मळगंगा देवीच्या मंदिराजवळ, कुंडापाशी, कुकडीचे पात्र पाहिले की पहिल्यांदा कोणी बोलतच नाही. काळ्याकभिन्न बेसाल्टमध्ये शेकडो रांजण कोरलेले! काही वाटीएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे, तर काही एकमेकांत फुटून वाकड्यातिकड्या घळी झालेले. यांना रांजणखळगे हे नाव कोणी दिले असेल त्याला दाद द्यावीशी वाटते.

ते कसे होतात? दगडातल्या एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी पाण्याचा भोवरा फिरू लागतो. त्यात वाळू आणि गोटे सापडतात. बाहेर पडता येत नाही म्हणून ते गोल गोल फिरत राहतात आणि तळ व भिंती घासतात. म्हणजे पाणी दगड कापत नाही, दगडच दगड दळतो. पाणी फक्त जाते फिरवते. एखाद्या उथळ, कोरड्या खळग्यात डोकावलात तर तळाशी गुळगुळीत गोल गोटे सापडतील. ती त्या कारागिराची हत्यारे होत.

काठ फार निसरडे असतात आणि पाण्याची खोली वरून कळत नाही. म्हणून आम्ही मुलांना चार हात दूर बसवले होते. पावसाळ्यात किंवा धरणाचे पाणी सोडलेले असताना येथे येऊच नये. हिवाळा उत्तम. शिक्षक मित्रहो, खोडदला आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा पत्र वेळेवर धाडा. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तेथे सर्वांसाठी प्रदर्शन भरत आले आहे. तेही लक्षात असू द्या.

आमच्या वहीवाल्याने दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारून टोकाला दगड बांधला होता. मी त्याचा हात धरला आणि त्याने एका खळग्यात दोरी सोडली. सात गाठी ओल्या झाल्या. म्हणजे पाणी साडेतीन मीटर खोल. तो लगेच गणित करू लागला, "दहा वर्षांत एक मिलिमीटर झिजले असे धरू. मग साडेतीन मीटरना पस्तीस हजार वर्षे!"

"दहा वर्षांत एक मिलिमीटर, हे कशावरून?" या वेळी सगळी बस एका सुरात ओरडली.

तो ओशाळला, पण वहीत लिहून घेतले. अंधार पडता पडता आम्ही शिरूरच्या रस्त्याला लागलो. भेंड्या सुरू झाल्या, मग थांबल्या, बहुतेक जण पेंगू लागले. रांजणगावच्या आसपास तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. ओली दोरी अजून त्याच्या हातात होती.

"सर," तो हळूच म्हणाला, "आपला दगड तळाला टेकला की मधल्या एखाद्या गोट्यावरच अडकला, हे कसे कळणार?"