नंबर कशाला मिळतो?

रांगोळी स्पर्धेचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ओळखीच्यांनाच नंबर दिला!" बातम्या, लेख, जाहिराती यांच्याही स्पर्धा असतात आणि तिथेही हीच कुजबुज असते. मग परीक्षक बघतात तरी काय?

हे मला समजून घ्यावं लागलं ते आमच्या गोरेगावच्या एका तरुण वार्ताहर मुलीमुळे. माध्यमांतल्या कामात स्त्री-पुरुष समानतेचं भान असेल, तर मुंबईची 'पॉप्युलेशन फर्स्ट' ही संस्था 'लाडली' पुरस्कार देते. २००७ पासून हे पुरस्कार सुरू झाले. तिला तिथे बातमी पाठवायची होती.

मी थोडं वाचलं, विचारलं. जगभरच्या संपर्क व्यावसायिकांसाठी 'गोल्ड क्विल' नावाची एक स्पर्धा असते. तिथे परीक्षक एक ते सात असे गुण देतात. पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ अशी आपल्यासारखी भानगड नाही. ठरलेल्या मापाला जेवढी कामं उतरतील, तेवढ्यांना पुरस्कार. शिवाय नुसतं देखणं काम चालत नाही. ते कशासाठी केलं, कोणासाठी केलं आणि त्यातून घडलं काय, हेही लिहून द्यावं लागतं. (आपल्या हळदीकुंकवाच्या स्पर्धांना हे लावलं तर काय मजा येईल!)

आता आमची मुलगी. तिने दोन कात्रणं आणली. पहिलं पहिल्या पानावरचं, रंगीत फोटोसकट. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाया आणि मथळा 'बळीराजा सुखावला'. बातमीत बोलले कोण? कृषी अधिकारी, शेतमालक, एक पुढारी. सकाळपासून चिखलात उभ्या असलेल्या बाईचा एक शब्द नाही.

दुसरं कात्रण आतल्या पानावरचं, जेमतेम अर्धा कॉलम. एकरी ठेक्याने रोवणी करणाऱ्या बायांच्या टोळीने यंदा दर कसा ठरवला आणि मालकाशी बोलणी कोणी केली, ते त्यांच्याच तोंडून.

मी म्हटलं, "हीच पाठव."

"पण काकू, ती केवढीशी आहे! आणि फोटोही नाही."

"अगं, फोटोत बाया आहेत, बातमीत कुठे आहेत? परीक्षक तेच विचारतील."

ती फुरंगटली. पहिल्या पानाचा मोह कोणाला नसतो? वर मथळा तिचा नव्हताच, तो कार्यालयात कोणीतरी दिलेला. पण परीक्षकांपुढे कात्रणच जातं, त्यामागची कहाणी नाही, आणि छापून आलेलं आता बदलता येत नाही.

दोन दिवसांनी ती आली, लहान कात्रण घेऊन. सोबतच्या टिपणात काय लिहू, म्हणाली. मी विचारलं, बातमीनंतर काय झालं? ती जराशी थांबली.

"शेजारच्या गावातल्या टोळीने ते कात्रण मालकाला दाखवून तोच दर मागितला."

"मिळाला?"

"हो."

मग तिने तेवढंच लिहिलं आणि पाकीट बंद केलं. निकाल अजून यायचा आहे.