अख्ख्या शरीराला विचारलेला प्रश्न

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईच्या फाइलमध्ये एक कागद असतो, आणि तिची पुढची पाच-दहा वर्षं बऱ्याच अंशी तो कागदच ठरवतो. त्यावर ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशी अक्षरं असतात, पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर. पेशीतलं हे एक प्रथिन. इस्ट्रोजेन त्याला येऊन चिकटलं की ते जनुकांना कामाला लावतं आणि गाठ वाढते. पीआर हा प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. जगभरात स्तनाच्या दर दहा कॅन्सरपैकी साधारण सात ईआर पॉझिटिव्ह असतात. अशा बाईला टॅमोक्सिफेनसारखी रोजची एक गोळी वर्षानुवर्षं सांभाळू शकते. निगेटिव्ह असेल, तर त्या गोळीचा उपयोग नाही.

हा निकाल येतो तो सुईने काढलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावरून. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नसते, कारण एका पातेल्यातला भात सारखाच शिजतो. कॅन्सरचं तसं नाही. पहिली गाठ काढल्यावर सहा-सात वर्षांनी तो मणक्यात, फुप्फुसाच्या आवरणात, काखेत पुन्हा उगवू शकतो, आणि या नव्या गाठींपैकी एखादीने मधल्या काळात आपला ईआर गमावलेला असू शकतो. मणक्यातल्या प्रत्येक ठिपक्यात सुई घालणं शक्य नसतं. हाडाच्या तुकड्यातला कॅल्शियम काढायला तो आम्लात ठेवावा लागतो, त्यात तपासणीच बिघडू शकते. मग डॉक्टर जुन्या कागदावर विसंबून औषध देतात आणि दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करून बघतात. औषध लागू पडलं नसेल, तर तेवढा काळ वाया गेलेला असतो. ज्या बाईकडे काळच कमी आहे, तिच्या बाबतीत हे फार महाग पडतं.

हाच प्रश्न सुईविना, अख्ख्या शरीराला एकदम विचारता यावा यासाठी एका रसायनशास्त्रज्ञाने कारकिर्दीचा मोठा भाग दिला. जॉन कॅटझेनेलेनबोगेन हे त्यांचं नाव. हार्वर्डमध्ये ई. जे. कोरी यांच्याकडे पीएचडी करून ते १९६९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बानाला आले. त्यांच्या पत्नी बेनिटा त्याच विद्यापीठात संप्रेरकांच्या जीवशास्त्रज्ञ. एकजण रेणू घडवणारा, दुसरी तो रेणू पेशीत काय करतो हे बघणारी. या जोडीचं संशोधन वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: रसायन, जीवशास्त्र आणि प्रतिमा ही तीन वेगळी दालनं आहेत असं त्यांनी कधी मानलंच नाही.

या कामाचं मूळ मात्र त्याआधीचं, शिकागोतलं. संप्रेरक आणि स्तनाचा कॅन्सर यांचं नातं १८९६ मध्येच समोर आलं होतं. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी आटल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पुढे कितीतरी वर्षं बीजांडकोश, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, अगदी मेंदूतली पिट्युटरीसुद्धा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. फायदा व्हायचा तो साधारण तिघींपैकी एकीला. उरलेल्या दोघी एवढी मोठी शस्त्रक्रिया उगाच सोसायच्या, आणि ती एक कोणती हे आधी सांगता येत नसे.

शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. संप्रेरक पेशीचं काय करतं हे तेव्हा सगळे विचारत होते. पेशी संप्रेरकाचं काय करते, हे त्यांनी विचारलं. त्या काळचा पक्का समज असा की, इस्ट्रोजेन पेशीतल्या विकरांच्या साखळीत सापडतं, त्याचं रूप बदलतं आणि त्या रासायनिक उलाढालीतून परिणाम घडतो. जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रॅडिऑलमधल्या हायड्रोजनच्या जागी त्याचं किरणोत्सारी भावंड ट्रिटियम बसवलं. शरीरात एरवी असतं तेवढ्याच सूक्ष्म प्रमाणात ते वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचलं आणि कुठे किती गेलं ते मोजलं. रक्तात, स्नायूत ते आलं आणि ओसरलं. गर्भाशयात मात्र ते तासन्‌तास टिकून राहिलं, आणि रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं! उलाढाल झालीच नव्हती. कुणीतरी त्याला नुसतं धरून ठेवलं होतं. जे धरून ठेवत होतं, तोच रिसेप्टर.

१९५८ मध्ये व्हिएन्नातल्या जीवरसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा समोर पाच श्रोते होते आणि त्यांतले तिघे त्याच सत्राचे वक्ते. विकरांच्या जुन्या कल्पनेवरचं सत्र शेजारच्या सभागृहात खचाखच भरलं होतं. पुढच्या दशकात जेन्सन यांनी गाठींमध्ये रिसेप्टर मोजायला सुरुवात केली आणि तो नसेल तर ग्रंथी काढण्याचा फायदा क्वचितच होतो, हे दाखवलं. फाइलमधल्या त्या कागदाचा जन्म इथला. जेन्सन यांना २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या त्या मोजणीमुळे किती बायका नाहक शस्त्रक्रियेतून सुटल्या, याचा हिशेबच नाही.

जेन्सन यांना उंदराचं गर्भाशय बाहेर काढून मोजावं लागलं होतं, कारण ट्रिटियमचा किरणोत्सार इतका दुबळा की तो कातडीबाहेरही येत नाही. जिवंत माणसात बाहेरून दिसायचं, तर संप्रेरकावर दुसरा अणू बसवायला हवा. अर्बानापासून मोटारीने तीनेक तासांवर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल वेल्च होते. शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी रेणूचं बाहेरून चित्र काढणाऱ्या पेट स्कॅनचं तंत्र १९७०च्या दशकात ज्या मोजक्या जागी घडलं, त्यांतली ही एक. कॅटझेनेलेनबोगेन आणि वेल्च एकत्र आले. आधी त्यांनी ब्रोमीन लावून पाहिलं, मग फ्लोरिन-१८.

अडचण होती जागेची. इस्ट्रॅडिऑल म्हणजे चार कड्यांचा चपटा रेणू. त्याच्या दोन्ही टोकांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी असते, आणि रिसेप्टर त्याला दोन्ही टोकांनी पकडतो. टोकांना धक्का लावला की पकड सुटते. अणू भलत्या जागी लावला, तर शरीर तो तोडून टाकतं आणि सुटलेला फ्लोरिन थेट हाडात जाऊन बसतो. मग स्कॅनमध्ये सांगाडा उजळतो आणि गाठ हरवते. अनेक जागा चाचपून त्यांनी सोळाव्या कार्बनची एक बाजू निवडली. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा फारसा मोठा नाही, त्यामुळे रिसेप्टरला फरक जवळपास कळला नाही. दुसरी अडचण मात्रेची. पेशीत रिसेप्टर इतके मोजके की साधं इस्ट्रोजेन थोडं जरी जास्त मिसळलं, तर सगळ्या जागा तेच अडवतं. म्हणून टोचायचं औषध काही मायक्रोग्रॅमच हवं, आणि तरीही ते दिसलं पाहिजे. १९८४ मध्ये या गटाने फ्लोरिन लावलेल्या चार इस्ट्रोजेनवरचं काम प्रसिद्ध केलं. चाचणी पुन्हा वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांवर, मोजणी पुन्हा गर्भाशयाची. त्यांतल्या फ्लोरोइस्ट्रॅडिऑलला आज एफईएस म्हणतात.

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी सायक्लोट्रॉनमध्ये जड ऑक्सिजनच्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून तो तयार करायचा. शिशाच्या भिंतीआड यंत्राच्या हातांनी रेणूवर चढवायचा, आम्लाने संरक्षक गट उतरवायचे, गाळायचं, शुद्धता तपासायची आणि गाडी रुग्णालयाकडे धावत सुटायची. साठा करून ठेवण्याची सोयच नाही. सायक्लोट्रॉन जवळपास असल्याशिवाय असलं निदान होत नाही. आपल्याकडे देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, तेव्हापासून भारतात पेट स्कॅनची वाट मोकळी झाली.

एफईएसचं इंजेक्शन दिल्यावर तासा-सव्वातासाने स्कॅन घेतात. चित्रात यकृत धगधगतं, कारण औषध तिथेच मोडलं जातं. पित्ताशय, आतडं आणि मूत्राशयही उजळतात. गर्भाशय दिसतं, कारण रिसेप्टर तिथे निसर्गतःच आहेत. बाकी शरीर जवळजवळ काळं. त्या काळ्यात मणक्यावर एखादा ठिपका उमटला, तर तिथे पेशी आजही इस्ट्रोजेन धरून ठेवताहेत. नेहमीच्या साखरेच्या पेट स्कॅनमध्ये दिसलेली गाठ इथे दिसलीच नाही, तर तिने रिसेप्टर गमावला असण्याची दाट शक्यता. दोन चित्रं शेजारी ठेवली की एकाच बाईच्या अंगातल्या दोन स्वभावांच्या गाठी वेगळ्या ओळखू येतात. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

१९८८ मध्ये १३ स्त्रियांवरचा पहिला अभ्यास आला. स्कॅनमधली चमक आणि प्रयोगशाळेने त्याच गाठींत मोजलेले रिसेप्टर यांचा मेळ जवळजवळ तंतोतंत बसला. २००६ मध्ये सिएटलच्या हॅना लिंडन, डेव्हिड मॅनकॉफ आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्या १५ जणींच्या गाठींत एफईएस ठरावीक पातळीखाली होतं, त्यांच्यापैकी एकीलाही संप्रेरक-उपचार लागू पडला नाही. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी यायला मे २०२० उजाडलं. प्रयोगशाळेपासून तिथवर ३६ वर्षं. वेल्च २०१२ मध्येच गेले होते.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. यकृतातली गाठ एफईएसने कळत नाही. तिथे सुईच लागते. टॅमोक्सिफेन चालू असेल तर रिसेप्टर त्यानेच व्यापलेले असतात, म्हणून स्कॅनआधी साधारण आठ आठवडे ते बंद असावं लागतं. फुलवेस्ट्रंट या दुसऱ्या संप्रेरकविरोधी औषधाच्या बाबतीत तर २८ आठवडे. आणि मुख्य म्हणजे सिएटलच्या त्याच अभ्यासात, चमक चांगली असलेल्या ३२ जणींपैकी उपचाराचा गुण आला तो ११ जणींना. रिसेप्टर असणं एक, तो कामाचा असणं दुसरं.

कॅटझेनेलेनबोगेन यांनी पुरुष-संप्रेरकाचाही असाच फ्लोरिन लावलेला रेणू घडवला, तो प्रोस्टेट कॅन्सरच्या अभ्यासात वापरला जातो. पण वरच्या कोड्याला हात घातला तो प्रोजेस्टेरॉनच्या रेणूने. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर खरोखर काम करत असेल, तर तो पेशीला प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर तयार करायला लावतो. म्हणजे पीआर वाढतो का हे पाहिलं, की ईआर जिवंत आहे का हे कळेल. सेंट लुईसमध्ये फरोख देहदाश्ती आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या, कॅन्सर पसरलेल्या ४३ स्त्रियांचा प्रोजेस्टेरॉन रेणूचा स्कॅन घेतला, एक दिवस त्यांना इस्ट्रॅडिऑल दिलं आणि पुन्हा स्कॅन घेतला. ज्या २८ जणींच्या गाठींत चमक वाढली, त्या सगळ्यांना पुढच्या संप्रेरक-उपचाराचा फायदा झाला. उरलेल्या १५ जणींत ती वाढली नाही, आणि त्यांच्यापैकी कुणालाच फायदा झाला नाही. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यास एकाच केंद्रातला आणि लहान आहे. इतक्या स्वच्छ आकड्यांची खरी परीक्षा अनेक रुग्णालयांत, शेकडो स्त्रियांवरच होईल. त्या परीक्षेला ते उतरले, तर औषध चालतंय का हे बघायला लागणारे दोन-तीन महिने एका दिवसावर येतील.